‘एचएमआयएस बेंगॉल’ : दोन जहाजांचा ताफा आणि ११ नोव्हेंबर १९४२ ची दुपार

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या, म्हणजे ब्रिटिश राजवटीतील भारतीय नौदलाच्या, ज्या नौकांनी ताफ्यांच्या संरक्षणाचे काम केले, त्यांपैकी ‘एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) बेंगॉल’चे नाव एका लढाईमुळे नौदलाच्या इतिहासात कायम राहिले. ही लढाई ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात, कोकोस बेटांच्या नैऋत्येला भर समुद्रात झाली. एका बाजूला साडेसहाशे टनांची, नुकतीच बांधून झालेली सुरुंगनाशक नौका आणि तिच्या सोबतीला ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होते. दुसऱ्या बाजूला प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी अशी दोन सशस्त्र जपानी जहाजे होती. लढाईअखेर त्यांतील एक जपानी जहाज बुडाले आणि दोन्ही दोस्त जहाजे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या बंदरांत सुखरूप पोहोचली. या घटनेची चर्चा बहुधा ‘जपानी जहाज नेमके कोणी बुडवले’ या एकाच प्रश्नाभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा असला, तरी संरक्षक नौकेच्या कामाचे मूल्यमापन करायचे असेल, तर त्या दुपारी तिच्या कप्तानाने घेतलेले दोन निर्णय अधिक बारकाईने पाहावे लागतात. पहिला निर्णय शत्रूच्या दिशेने वळण्याचा होता आणि दुसरा लढाई सोडून निघून जाण्याचा. प्रस्तुत अभ्यासाचा विषय हे दोन निर्णय आहेत.

नौका आणि तिची कुवत

‘बेंगॉल’ ही बॅथर्स्ट वर्गातील नौका होती. या वर्गाच्या एकूण साठ नौका युद्धकाळात ऑस्ट्रेलियातील गोद्यांमध्ये बांधण्यात आल्या आणि त्यांपैकी चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी होत्या : ‘बॉम्बे’, ‘पंजाब’, ‘मद्रास’ आणि ‘बेंगॉल’. सिडनीच्या कॉकाटू गोदीत डिसेंबर १९४१ मध्ये ‘बेंगॉल’च्या बांधणीला आरंभ झाला, मे १९४२ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ती सेवेत दाखल झाली. पायाभरणीपासून सेवेपर्यंत जेमतेम आठ महिने लागले, यावरून अशा नौकांची त्या काळी किती निकड होती, याची कल्पना येते. सुमारे १८६ फूट लांबीची ही नौका १५ नॉट (म्हणजे ताशी १५ सागरी मैल) वेगाने जाऊ शकत असे. सुरुंग काढणे, पाणबुड्यांचा माग काढणे आणि व्यापारी जहाजांना सोबत करणे अशी तिहेरी कामे या वर्गाच्या नौकांकडून अपेक्षित होती. पृष्ठभागावरील बलाढ्य जहाजाशी समोरासमोर तोफांची लढाई खेळणे हे त्यांच्या आखणीत धरलेले नव्हते.

शस्त्रांच्या बाबतीत तर ‘बेंगॉल’ आपल्या वर्गातील इतर काही नौकांपेक्षाही दुबळी होती. या वर्गातील अनेक नौकांवर चार इंची तोफ होती. ‘बेंगॉल’वर मात्र तीन इंची, म्हणजे ज्याला बारा पौंडी म्हणत त्या प्रकारची एकच मुख्य तोफ बसवण्यात आली होती. तिच्या जोडीला विमानांवर मारा करण्यासाठी २० मिलिमीटरच्या ऑर्लिकन तोफा होत्या आणि पाणबुड्यांसाठी पाण्याखाली फुटणारे सुरुंग होते. बारा पौंडी तोफेचा गोळा साडेपाच ते सहा किलो वजनाचा असतो, तर जपानी जहाजांवरील १४ सेंटिमीटर तोफेच्या गोळ्याचे वजन ३८ किलो होते. ‘बेंगॉल’चा एक गोळा आणि शत्रूचा एक गोळा यांत सहापटींहून अधिक अंतर होते, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील घटनाक्रमाचे खरे स्वरूप उमगणार नाही.

नौकेचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन हे रॉयल इंडियन नेव्हीच्या राखीव दलातील अधिकारी होते. युद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही हे अगदी लहान दल होते. त्यातील खलाशांची भरती पूर्वीपासून प्रामुख्याने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान आणि पंजाबी मुसलमान यांच्यातून होत असे. युद्धकाळात दल अनेक पटींनी वाढल्यावर देशाच्या सर्व भागांतून तरुण दाखल झाले, तरी मुंबईची गोदी हेच या दलाचे मुख्य घर राहिले. ‘बेंगॉल’ त्या घराकडेच निघाली होती. हा तिचा सिडनीहून हिंदुस्थानात येण्याचा पहिलाच प्रवास होता. सेवेत दाखल होऊन तिला तीनच महिने झाले होते, आणि प्रत्यक्ष लढाईचा अनुभव या नौकेला अजून आलेला नव्हता.

समुद्रावरची परिस्थिती

१९४२ या वर्षी हिंदी महासागरात दोस्तांची बाजू कमकुवत होती. फेब्रुवारीत सिंगापूर पडले आणि एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो व त्रिंकोमाली या बंदरांवर हल्ले केले. ऑस्ट्रेलियाला लागणारे तेल मुख्यतः इराणच्या आखातातील आबादानहून येत असे, त्यामुळे भरलेली तेलवाहू जहाजे पूर्वेकडे आणि रिकामी पश्चिमेकडे अशी ये-जा अखंड चालू ठेवणे भाग होते. इतक्या विस्तीर्ण समुद्रात प्रत्येक जहाजाला सोबत देण्याइतक्या संरक्षक नौका कोणाकडेच नव्हत्या आणि पुष्कळ जहाजे एकटीच प्रवास करीत. ‘ओंडिना’ला ‘बेंगॉल’ची सोबत मिळाली, ती मुख्यतः दोघींची वाट काही अंतरापर्यंत एकच असल्यामुळे. पाच नोव्हेंबरला दोघी पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया या बेटाकडे निघाल्या. तेथून ‘ओंडिना’ आबादानला आणि ‘बेंगॉल’ कोलंबोमार्गे मुंबईला जाणार होती.

‘ओंडिना’ हे ६,३४१ टनांचे जहाज होते. त्याचा वेग सुमारे १२ नॉट होता आणि कप्तान विलेम हॉर्समन हे होते. आत्मसंरक्षणासाठी त्याच्या मागील बाजूस एक चार इंची तोफ बसवलेली होती आणि तिच्यासाठी केवळ ३२ गोळे उपलब्ध होते. तोफेवरील पथकाचे नेतृत्व ऑस्ट्रेलियन नौदलातील हर्बर्ट हॅमंड या खलाशाकडे होते. टाक्या रिकाम्या होत्या, आणि ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब पुढे या जहाजाच्या जगण्याचे कारण ठरली.

समोरून आलेली ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ ही जहाजे मुळात प्रवासी व मालवाहतुकीसाठी बांधलेली होती. जपानी नौदलाने त्यांच्यावर प्रत्येकी आठ १४ सेंटिमीटर तोफा, टॉर्पेडो सोडण्याच्या नळ्या आणि पाण्यावर उतरणारी विमाने चढवून त्यांना व्यापारी जहाजांच्या शिकारीसाठी सज्ज केले होते. वेग २१ नॉट, म्हणजे पळून जाणाऱ्या कोणत्याही तेलवाहू जहाजाला सहज गाठता येईल इतका होता. या जोडीचा पूर्वेतिहासही भीतीदायक होता. त्यांनी युद्धाच्या आरंभी प्रशांत महासागरात ‘व्हिन्सेंट’ आणि ‘मालामा’ या अमेरिकी जहाजांना गाठले होते. हिंदी महासागरात आल्यावर मे १९४२ मध्ये ‘गेनोटा’ हे डच तेलवाहू जहाज ताब्यात घेतले, जूनमध्ये ‘एलिसिया’ हे ब्रिटिश जहाज बुडवले आणि जुलैमध्ये न्यूझीलंडचे ‘हौराकी’ पकडले. पकडलेली जहाजे जपानला मोलाची वाटत, विशेषतः तेलवाहू. ‘ओंडिना’ दिसताच तिला न बुडवता पकडावे, असा मोह त्यांना होणे स्वाभाविक होते, आणि त्यांच्या डावपेचांवर या मोहाचा परिणाम झाला असावा, असे मला वाटते.

पहिला निर्णय

अकरा नोव्हेंबरच्या सकाळी उशिरा ‘बेंगॉल’वरून एक मोठे अनोळखी जहाज दिसले आणि थोड्याच वेळात त्याच्या मागे दुसरे दिसू लागले. त्यांची बांधणी आणि चाल पाहून ती शत्रूची आहेत, याबद्दल विल्सन यांच्या मनात शंका उरली नाही. त्यांच्यापुढे पर्याय मोजकेच होते. ताफ्यासह पळ काढायचा म्हटला, तर ताफ्याचा वेग १२ नॉट होता आणि पाठलाग करणाऱ्यांचा २१. काही तासांत दोघींवर लांबूनच तोफा चालल्या असत्या. दोघींनी वेगळ्या दिशांना पळावे म्हटले, तर दोन शत्रुजहाजांनी एकेकीच्या मागे जाणे अगदी सोपे होते. विल्सन यांनी ‘ओंडिना’ला दूर निघून जाण्याचा इशारा दिला आणि स्वतःची नौका पुढच्या शत्रूवर, म्हणजे ‘होकोकु मारू’वर घातली.

हे शौर्य होते, यात शंका नाही. पण त्याला केवळ शौर्य म्हटले की त्यामागचा विचार झाकला जातो. बारा पौंडी तोफेने लांबून मारा करणे निरर्थक होते, कारण त्या अंतरावर तिचा गोळा मोठ्या जहाजाचे फारसे बिघडवू शकत नव्हता, तर शत्रूच्या तोफा ‘बेंगॉल’ला आरामात फोडू शकत होत्या. जवळ गेल्यावरच तिचा मारा उपयोगी होणार होता. शिवाय समोरून अंगावर येणारी लहान नौका नेम धरण्यास अवघड असते आणि ती टॉर्पेडो किंवा सुरुंग घेऊन येत आहे की काय, या शंकेने मोठ्या जहाजाला तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. ‘बेंगॉल’कडे टॉर्पेडो नव्हते, पण शत्रूला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. संरक्षक नौकेने शत्रूचे लक्ष आणि त्याच्या तोफा आपल्याकडे ओढून घ्यायच्या आणि सोबतच्या जहाजाला जितकी मिनिटे देता येतील तितकी द्यायची, हे त्या नौकेच्या कामाचे सार असते, आणि विल्सन यांनी नेमके तेच केले.

‘ओंडिना’च्या कप्तानाने मात्र मिळालेला आदेश शब्दशः पाळला नाही. १२ नॉटच्या वेगाने पळून वाचणे अशक्य आहे, असा हॉर्समन यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. त्यांनी आपली तोफ वापरायचे ठरवले. पुढच्या काही मिनिटांत दोन्ही दोस्त जहाजांवरून ‘होकोकु मारू’वर मारा सुरू झाला, आणि हॅमंडच्या पथकाचे नेम काही गोळ्यांतच जमू लागले.

त्यानंतर जे घडले, ते कोणीच अपेक्षिलेले नव्हते. एक गोळा ‘होकोकु मारू’च्या उजव्या बाजूच्या टॉर्पेडो नळ्यांजवळ लागला. तेथे आग लागून स्फोट झाला. ती आग जहाजाच्या मागील भागात, विमानाजवळ आणि दारूगोळ्याजवळ पसरली. या जहाजाची मूळ बांधणी प्रवासी वाहतुकीसाठी होती, त्यामुळे युद्धनौकेत दारूगोळ्याच्या कोठाराला जे चिलखती आवरण असते आणि टॉर्पेडो, पेट्रोल व गोळे यांना एकमेकांपासून जसे दूर ठेवलेले असते, तशी काळजी येथे घेता आलेली नव्हती. एकामागून एक स्फोट होत गेले आणि साधारण तासाभरात दहा हजार टनांचे ते जहाज बुडाले. त्यावरील साडेतीनशेहून अधिक माणसांपैकी ७६ जण मरण पावले आणि त्यांत त्याचे कप्तान इमाझातो हिरोशी यांचाही समावेश होता.

दुसरा निर्णय

‘आइकोकु मारू’ शिल्लक होती आणि तिच्या तोफा आता दोन्ही जहाजांवर चालू झाल्या. ‘बेंगॉल’ला गोळे लागले, आग लागली आणि मुख्य तोफेचे गोळे संपत आले. या अवस्थेत विल्सन यांनी धुराचा पडदा सोडून लढाईतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. नौकेवर कोणीही दगावले नाही, ही या लढाईतील सर्वांत आश्चर्याची गोष्ट आहे. काही अंतर गेल्यावर मागे ‘ओंडिना’ मोठ्या आगीत सापडल्याचे दिसले. ती बुडाली असे गृहीत धरून ‘बेंगॉल’ दिएगो गार्सियाकडे निघाली आणि सुमारे सहा दिवसांनी तेथे पोहोचली.

या निर्णयाकडे टीकेच्या नजरेने पाहणे अवघड नाही. संरक्षक नौका आपल्या सोबतच्या जहाजाला सोडून गेली, असे त्याचे सरळ वर्णन होऊ शकते. ते वर्णन अपुरे आहे. गोळे संपल्यावर ‘बेंगॉल’ तेथे थांबली असती, तर ती ‘आइकोकु मारू’च्या तोफांसाठी आणखी एक लक्ष्य ठरली असती आणि तिच्यावरील माणसे हकनाक गेली असती, ‘ओंडिना’ला त्याचा काही उपयोग झाला नसता. आपली ताकद संपली, हे ओळखून ती वाचवणे हाही संरक्षक नौकेच्या कप्तानाचाच निर्णय असतो, आणि १९४२ साली हिंदी महासागरात एकेका संरक्षक नौकेची किंमत फार मोठी होती. विल्सन यांच्यावर जी एकच टीका मला रास्त वाटते, ती ‘ओंडिना’ बुडाली असे त्यांनी प्रत्यक्ष खात्री न करता कळवले याबद्दलची. त्या वृत्ताचे परिणाम पुढे ‘ओंडिना’च्या लोकांना भोगावे लागले.

‘ओंडिना’ बुडाली नव्हती. गोळे संपल्यावर हॉर्समन यांनी जहाज सोडण्याचा आदेश दिला आणि त्याच सुमारास जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जेथून जहाज चालवले जाते त्या जागी, पडलेल्या एका गोळ्याने त्यांचा मृत्यू झाला. खलाशी होड्यांत उतरले. ‘आइकोकु मारू’ने जवळ येऊन ‘ओंडिना’वर दोन टॉर्पेडो मारले, ते लागले, पण रिकाम्या टाक्यांनी जहाजाला पाण्यावर तोलून धरले. त्यानंतर जपानी जहाजाने होड्यांवर मशीनगन चालवल्या आणि काही खलाशी ठार झाले. होड्यांतील असहाय माणसांवर केलेला तो गोळीबार ही या लढाईतील सर्वांत काळी बाब आहे आणि तिची नोंद घेताना शब्द सौम्य करण्याचे कारण नाही. मग ‘आइकोकु मारू’ने ‘होकोकु मारू’च्या वाचलेल्या लोकांना उचलले आणि ती निघून गेली.

ती गेल्यावर प्रथम अधिकारी रेह्विंकेल यांच्या नेतृत्वाखाली खलाशी परत जहाजावर चढले, त्यांनी आगी विझवल्या, यंत्रे पुन्हा चालू केली आणि झुकलेले, भोके पडलेले जहाज फ्रीमँटलच्या दिशेने वळवले. जखमींसाठी डॉक्टरची मदत हवी होती. परंतु जहाज सोडताना गुप्त सांकेतिक पुस्तके समुद्रात टाकलेली असल्यामुळे संदेश साध्या भाषेत पाठवावा लागला. किनाऱ्यावर ‘ओंडिना’ बुडाल्याचे वृत्त ‘बेंगॉल’कडून आलेले होते, त्यामुळे हा संदेश म्हणजे जपान्यांचा सापळा असावा, असा संशय घेण्यात आला आणि त्याला उत्तर मिळाले नाही. जखमींना त्या अवस्थेत दिवस काढावे लागले. अखेर १८ नोव्हेंबरला ‘ओंडिना’ फ्रीमँटलला पोहोचली.

श्रेयाचा प्रश्न

‘होकोकु मारू’ला लागलेला निर्णायक गोळा कोणाचा, यावर युद्धकाळापासूनच मतभेद आहेत. युद्ध चालू असताना ‘बेंगॉल’च्या पराक्रमाला मोठी प्रसिद्धी मिळाली आणि भारतीय नौदलाच्या परंपरेत हे जहाज बुडवल्याचे श्रेय तिलाच दिले जाते. डच आणि ऑस्ट्रेलियन बाजूने ते ‘ओंडिना’च्या चार इंची तोफेला दिले जाते. माझ्या मते पुराव्याचे पारडे ‘ओंडिना’कडे झुकते. तिचा गोळा ‘बेंगॉल’च्या गोळ्याच्या दुपटीहून जड होता, आणि त्यामुळे टॉर्पेडोच्या जागी लागलेल्या एका माऱ्याने एवढा स्फोट घडण्याची शक्यता त्याच्याकडून अधिक आहे. मात्र असे म्हणताना मला ‘बेंगॉल’चे काही कमी होते असे मुळीच वाटत नाही. ‘होकोकु मारू’ त्या लहान नौकेशी झुंजत होती, म्हणूनच ‘ओंडिना’च्या तोफेला नेम धरायला अवधी मिळाला. दोन्ही जहाजांनी आपापले काम केले नसते, तर ते जहाज बुडाले नसते, असे म्हणणे पुराव्याला धरून आहे, आणि ज्यांनी या लढाईत प्रत्यक्ष भाग घेतला त्यांना न्याय देणारेही आहे.

सन्मानांमध्येही हा भेद दिसतो. विल्सन यांना ब्रिटिश सरकारचे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले आणि ‘बेंगॉल’वरील भारतीय खलाशांपैकी काहींचाही गौरव झाला. डच सरकारने हॉर्समन यांना मरणोत्तर मिलिटरी ऑर्डर ऑफ विल्यम हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला आणि हॅमंडला ब्राँझ क्रॉस दिला.

नंतरची वर्षे

दुरुस्तीनंतर ‘बेंगॉल’ने १९४३ आणि १९४४ मध्ये आफ्रिका, हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यानच्या ताफ्यांना सोबत केली. या काळाची नोंद थोडकीच आहे, कारण त्यात सांगण्यासारखी लढाई नाही. परंतु संरक्षक नौकेच्या आयुष्याचा बहुतांश भाग असाच असतो, आणि सोबतची जहाजे काही न घडता बंदरात पोहोचणे हेच तिचे यश असते. फाळणीनंतर ती भारताकडे राहिली, प्रजासत्ताक झाल्यावर ‘आयएनएस बेंगॉल’ या नावाने सेवेत राहिली आणि १९६० साली भंगारात काढण्यात आली.

जपानी बाजूला या लढाईचा परिणाम त्या दुपारपुरता राहिला नाही. व्यापारी जहाजांना तोफा चढवून हिंदी महासागरात शिकारीला पाठवण्याचा प्रयोग यानंतर आवरता घेण्यात आला. पुढे मार्च १९४४ मध्ये ‘तोने’ या जपानी क्रूझरने ‘बेहार’ हे ब्रिटिश जहाज बुडवले खरे, पण ती कारवाई खऱ्याखुऱ्या युद्धनौकांची होती. एकटी उरलेली ‘आइकोकु मारू’ १७ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी प्रशांत महासागरातील ट्रूक या जपानी तळाच्या खाडीत बुडवली.